बुलेट ट्रेनच्या खुंट्या पडण्याआधी गावच्या शिळा कागदावर आणा

भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. मोहोळ-मंगळवेढ्याची शिवारं मोजण्यातच नोकरी गेली. मुंबई-पुणे-सोलापूर-हैदराबाद बुलेट ट्रेनचा विषय निघाला की पोरं विचारतात, "अण्णा, आपल्या वीरगळांचं काय ओ?" वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाची कोरीव शिळा. पोरांना सांगतो ते इथं लिहितो.

साधा रस्ता देवळाला वळसा घालतो, ही लाईन घालत नाही. मुंबई-अहमदाबाद मार्गावर वळणाची त्रिज्या सहसा 6,000 मीटरच्या खाली आणलेली नाही. तुमच्या बारवेपासून वीस मीटर सरकायचं तरी आखणी किलोमीटरभर आधीपासून बदलावी लागते. म्हणून बोलायचं ते सर्वेक्षण चालू असताना. त्यात रेल्वेला 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेची मंजुरी लागत नाही, म्हणजे तिथली जनसुनावणीही नाही.

पण खरं सांगू? लाईनच्या खांबापेक्षा मला मुरमाच्या खाणीची आणि डंपरच्या कच्च्या वाटेची धास्ती जास्त. बांधावरची शिळा जाते ती तिथं. आणि ही वाट हलवता येते. कंत्राटदाराला वेळेत दाखवलं तर काम होतं.

नोंद अशी करा. गट नंबर, कुठल्या बांधापासून किती मीटर, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, शिळेचं तोंड कुठल्या दिशेला. फोटो उन्हं तिरपी असताना काढा. भर दुपारी अक्षर दिसत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवा. शेंदूर खरवडू नका, ॲसिड तर लावूच नका. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातला शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी लेख तुळईवर आहे. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणेपर्यंत त्याखालून किती माणसं गेली असतील! तुमच्या पारावरच्या दगडाला 'नुसता दगड' म्हणण्याआधी हे आठवा.

केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढं 200 मीटर परवानगीचं क्षेत्र असतं. शेतातल्या सुट्या वीरगळाला हे कवच नाही. त्याच्यासाठी ग्रामसभेचा ठराव करा, यादी जोडा, प्रत पुरातत्त्व खात्याला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

भूसंपादनाची अधिसूचना निघाली की दिवस मोजा. रेल्वे कायद्याखाली हरकतीला 30 दिवस, 2013 च्या कायद्याखाली 60. हरकत जमिनीत हितसंबंध असलेल्याचीच चालते, तेव्हा सही शेतमालकाची घ्या. 'आमचा वारसा वाचवा' असं लिहिलं तर कारकून फाईल बंद करतो. 'गट नंबर अमुक, उत्तर बांधालगत तीन वीरगळ. कुंपण घालावे, डंपरची वाट दक्षिणेकडून न्यावी' असं लिहा, म्हणजे त्याला नकाशावर बोट ठेवता येतं.

शिळा उचलून देवळात आणायचा उत्साह आवरा. जागा आणि दिशा गेली की अर्धी माहिती गेली. हलवणं अटळच असेल तर पुरातत्त्वाच्या माणसासमोर, पंचनामा करून. लंडनमध्ये हाय-स्पीड रेल्वेच्या यूस्टन स्थानकासाठी जुनी दफनभूमी आधी पुरातत्त्वज्ञांनी खोदली. 2019 मध्ये शवपेटीवरच्या शिशाच्या पट्टीवरून दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सची कबर ओळखू आली. जेसीबीच्या दातात ती पट्टी कुणाला दिसली असती? आपल्याकडं नाणी किंवा ताम्रपट निघाला तर काम थांबवायला लावा आणि लगेच जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे.

राहिल्या सातबाऱ्यावर नसलेल्या गोष्टी: पालखीची वाट, वाखरीच्या रिंगणासारखी मैदानं, यात्रेत बैलगाड्या सुटतात ती पडीक जमीन. नकाशावर या रंगीत पेन्सिलीनं काढा, तारखा लिहा. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे यात्रेला, नंदीध्वज 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. तशा उंच काठ्या तुमच्या गावच्या यात्रेतही असतील, तर मानकऱ्यांकडून त्यांची उंची फुटात लिहून घ्या आणि वाट जिथं जिथं आखणीला छेदते तिथं ती नकाशावर मांडा. पुलाखालची मोकळी उंची आणि विजेच्या तारा ठरायच्या आधी तो कागद आराखडा करणाऱ्यांच्या हातात पडला पाहिजे.