आधी प्रोग्रॅम बदला, विंडोज सगळ्यात शेवटी

गेल्या दिवाळीत मामाकडे गेलो, सदाशिव पेठेत, तर फराळाची ताटली यायच्या आधी लॅपटॉप पुढ्यात. "अरे हे बघ, रोज सांगतंय सपोर्ट संपला म्हणून, नवीन घ्यावा लागणार का?" लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, बॅटरी सोडली तर ठणठणीत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची एक चिप लागते, इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे मशीन चालतंय, चालवणारा चालवतोय, पण वरून निरोप आला की आता हे म्हातारं झालं. मामा ७४ चा आहे, त्याला ते जरा लागलंच.

मी लगेच हो-नाही काही बोललो नाही कारण एकदा तोंड पोळलंय. काही वर्षांपूर्वी एका मित्राकडे उत्साहात विंडोज पुसून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकलं, तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन, प्रिंट निघत नाहीये, वर्ड कुठंय, पोराचं प्रोजेक्ट उद्या द्यायचंय. शनिवारी जाऊन परत विंडोज टाकून आलो आणि त्या दिवशी चहा पण कुणी विचारला नाही. चूक माझीच, क्रम उलटा केला. ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यात शेवटी बदलायची. आधी रोजचे प्रोग्रॅम आहे त्या विंडोजवरच बदलून मुक्त सॉफ्टवेअरचे घ्यायचे, मग जुन्या फायली सोडवून घ्यायच्या, दोन-तीन महिने काही अडलं नाही तर मग लिनक्स. मामाकडे हे असंच केलं, ते कसं ते सांगतो.

पण मुळात मुक्त सॉफ्टवेअर घ्यायचं कशाला? फुकट मिळतं म्हणून, हे पहिलं उत्तर, आणि ते काही खोटं नाही. पण आपल्याकडे पायरेटेड पण फुकटच असतं ना. असेंबल्ड पीसी घेतला की "सगळं टाकून देतो सर" हे ठरलेलं वाक्य, आणि त्या सगळ्यात एक ॲक्टिव्हेटर, म्हणजे पैसे न भरता लायसन चालू करणारा प्रोग्रॅम असतो जो चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. विचार करा, अनोळखी माणूस म्हणतोय कुत्रा बांधून ठेवा मग मी घरात येतो. आणि त्याच कॉम्प्युटरवर आपण नेट बँकिंग करतो.

इंग्रजीत फ्री म्हणलं की फुकट का मोकळं याचा घोटाळा होतो, आपल्याला सोपंय, फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. क्रोम फुकट आहे, व्हॉट्सॲप फुकट आहे, पण ती मुक्त सॉफ्टवेअरं नाहीत. पुण्यात भाड्याने राहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असतो, त्यात खिळा ठोकायचा नाही, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, मालक म्हणेल तेव्हा नवीन भाडं. आपण विकत घेतलं म्हणतो ते सॉफ्टवेअर असंच, घर त्यांचं, आपण लायसनवर. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला तो याच चिडीतून, आणि मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे चार गोष्टींची मुभा: कशाहीसाठी वापरा, आतला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर वाचून बदला, जसंच्या तसं दुसऱ्याला द्या, बदललेलं पण द्या. तुम्ही म्हणाल मला कुठे कोड वाचता येतो. मलाही फारसा येत नाही. पण ज्याला येतो त्याला वाचता येतो, आणि त्याचा मला काय उपयोग ते मामाच्या जुन्या अंकांच्या सीड्यांनी दाखवलं.

मामा ज्येष्ठ नागरिक संघाचा वार्षिक अंक काढायचा. १९९८ पासून दहाएक वर्षांचे अंक, सगळं स्वतः टाइप करून पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये लावलेलं. टायपिंगचं मराठी सॉफ्टवेअर रीतसर पैसे भरून घेतलेलं, त्याला मागे पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या खाचेत लावायचा डाँगल, तो नसेल तर सॉफ्टवेअर चालायचं नाही. तो जुना पीसी गेला, नवीन लॅपटॉपना पॅरलल पोर्टच नाही, झालं. वेताळ टेकडीवरच्या पक्ष्यांवर त्याचा एक लेख आहे, माझ्या आईला फार आवडायचा, तो उघडला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंबं, मधेच उलटं प्रश्नचिन्ह. फाइल त्याची, शब्द त्याचे, पैसे भरलेले, आणि वाचता येईना. जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे नव्हते ना, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे आणि प्रत्येक कंपनीचे तुकडे वेगळे.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. ओपनऑफिस नावाचं ऑफिस सॉफ्टवेअर होतं, २०१० मध्ये ते बनवणारी सन कंपनी ओरॅकलने घेतली, त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच लोकांना पुढचं काही खरं दिसेना, तर त्यांनी तोच कोड उचलला, वेगळी संस्था काढली आणि लिब्रेऑफिस म्हणून चालू ठेवलं. वापरणाऱ्याची एक फाइल अडली नाही. मामाच्या डाँगलचं असं काही करायची कुणाला सोयच नव्हती.

तर पहिलं काम, आहे त्या विंडोजवर लिब्रेऑफिस टाका. वर्ड काढू नका, राहू दे. उघडल्यावर जुनाट वाटेल, लगेच तोंड वाकडं करू नका, व्ह्यू मेन्यूत यूजर इंटरफेस आहे तिथे टॅब्ड निवडा, वर्डसारखी पट्टी येते. सोसायटीच्या सेक्रेटरीला, सीएला वगैरे फायली पाठवायच्या असतील तर टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे कायम वर्डच्याच फॉरमॅटमध्ये सेव्ह कर असं सांगून ठेवता येतं. स्वतःसाठीच्या फायली मात्र ओडीटीत, म्हणजे लिब्रेऑफिसच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये ठेवा.

मराठीवाल्यांसाठी खरी अडचण पुढे आहे आणि ती कुणी सांगत नाही. लिब्रेऑफिस इंग्रजीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा धरतं. तुम्ही एक फॉन्ट निवडता, मराठी अक्षरं ढिम्म हलत नाहीत, साइज १४ करता, मराठी १२ च राहते, माणूस वैतागून वर्डकडे परत. उपाय एक मिनिटाचा आहे. ऑप्शन्समधल्या लँग्वेजच्या भागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) टिक करा, भाषा मराठी ठेवा, मग फॉरमॅट, कॅरेक्टर उघडलं की देवनागरीचा वेगळा कप्पा दिसतो, तिथून फॉन्ट आणि साइज द्या. फॉन्ट मुक्ता घ्या किंवा नोटो किंवा लोहित, तिन्ही मुक्त आहेत, आज विंडोज उद्या लिनक्स कुठेही तेच दिसतील. मंगल नको, तो मायक्रोसॉफ्टचा, लिनक्सवर नसतो, मग दुसराच फॉन्ट बसतो आणि तीन पानांचं पत्र सव्वातीन पानांचं होतं. मराठी शुद्धलेखन तपासायचं एक्स्टेंशन पण मिळतं, मामा त्याच्याशी रोज वाद घालतो.

एक गंमत करून बघा. ओडीटी फाइलची कॉपी काढून तिच्या नावाच्या शेवटी .odt च्या जागी .zip करा आणि उघडा. आत कंटेंट नावाची एक्सएमएल फाइल असते, ती नोटपॅडमध्ये टाका, कंसांच्या जंजाळात तुमचं मराठी वाक्य सरळ वाचता येतं. वर्डची नवी डॉक्स फाइल पण आतून झिपच असते, हे खरं बोललं पाहिजे, पण ओडीटीचा आराखडा २००६ पासून आयएसओचं मानक आहे आणि तो कुणा एका कंपनीच्या ताब्यात नाही. मामाला हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ नोटपॅडकडे बघत बसला.

बाकीचे प्रोग्रॅम पटकन. ब्राउझर फायरफॉक्स, बुकमार्क आपोआप घेतो, यूब्लॉक ओरिजिन टाका, जाहिराती गेल्या की जुना लॅपटॉप सुद्धा पळतो. व्हीएलसी तुमच्याकडे आहेच बहुतेक, ते पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांच्या प्रकल्पातून आलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे तुम्ही कधीच सुरुवात केलीय. फोटोला जिम्प, चित्रकाराला क्रिटा, कोरलड्रॉवाल्यांना इंकस्केप. पण छापखान्यासाठी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचं काम रोज करत असाल तर जिम्पच्या भरवशावर राहू नका, त्या बाबतीत स्क्रायबस हा पानं लावायचा मुक्त प्रोग्रॅम बरा.

दुसरं काम जुन्या फायली. इथे मामाचे आणि माझे चार रविवार गेले. पेजमेकरच्या फायली लिब्रेऑफिसच्याच ड्रॉ या प्रोग्रॅममध्ये उघडतात, हे मलाही आधी माहीत नव्हतं. मांडणी जरा विस्कटते, मजकूर अगम्य दिसतो, पण मजकूर बाहेर येतो. सीडीवर तो जुना फॉन्ट सापडला, टाकल्यावर पक्षी दिसायला लागले. पण तेवढ्यावर थांबू नका, ते फक्त दिसतं, आत अजून तेच तुकडे असतात, सर्च करून सापडत नाही. त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर शोधून मजकूर बदलून घ्यावा लागतो. त्यात पहिली वेलांटी दगा देते कारण जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची, त्यामुळे दिवाळीचं ‘िदवाळी’ होतं, रफार पण भलत्याच डोक्यावर जाऊन बसतो. थोडं फाइंड-रिप्लेसने, उरलेलं डोळ्यांनी. मामाने मुद्रितशोधन केलं, मी नुसता माउस हलवला.

आता लिनक्स. आधी हे वाचा आणि लागू होत असेल तर इथेच थांबा: टॅली, ऑटोकॅड, फोटोशॉप यांच्या लिनक्सवर चालणाऱ्या आवृत्त्या नाहीत, एक्सेलमधले मोठे मॅक्रो लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये जसेच्या तसे चालतील असं धरू नका, डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनचा त्रास होऊ शकतो. पोट ज्याच्यावर आहे ते मशीन विंडोजवरच राहू दे, त्यात काही कमीपणा नाही, त्यावर वरची मुक्त सॉफ्टवेअरं चालतातच.

बाकीच्यांनी लिनक्स मिंट घ्या, दुसरे पन्नास पर्याय बघत बसू नका. २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मिंटच्या आवृत्त्यांपैकी रॅम ४ जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई, ८ असेल तर सिनॅमन. फाइल साधारण ३ जीबीची उतरते. आमच्या वेळी उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवाले सीडी घरपोच पाठवायचे, चक्क फुकट, पोस्टमन विचारायचा परदेशातून काय येतं रे तुला. आता ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं उडणार आहे हे लक्षात ठेवून, रुफस किंवा एचर या प्रोग्रॅमने त्यावर मिंट चढवा. लॅपटॉप चालू होताना डेल, लेनोवोला एफ१२, एचपीला एस्केप किंवा एफ९ दाबत राहा, यादीतून पेनड्राइव्ह निवडा. मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालू होतं, हार्डडिस्कला हात लागत नाही. डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं चिन्ह दिसेल, त्याला शिवू नका. एक अख्खा दिवस असंच वापरा. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर जागं होतंय का, आणि प्रिंटर.

सगळं जमलं तर परत विंडोजमध्ये जाऊन दोन कामं. फायलींचा बॅकअप दोन ठिकाणी, एक एक्सटर्नल डिस्क आणि अजून एक कुठेही. आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय चालू आहे का बघा, असेल तर तिची ‘रिकव्हरी की’ कागदावर लिहून घ्या, नाहीतर नंतर विंडोज दारातच ती मागत उभं राहतं. हार्डडिस्क जुनी फिरणारी असेल तर याच वेळी पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या बाजारातून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क आणून बसवा, मामाच्या लॅपटॉपला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला, उगाच लिनक्सला सगळं श्रेय नको. जुनी डिस्क विंडोजसकट कपाटात ठेवली, तो आमचा तिसरा बॅकअप.

इन्स्टॉल अर्ध्या तासात होतं. झाल्यावर आधी अपडेट, मग टाइमशिफ्ट चालू करा, सिस्टिममध्ये काही बिघडलं तर तिला आधीच्या स्थितीला परत नेतं. मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरीचा प्रमाणित कीबोर्ड) येत असेल तर कीबोर्डच्या लेआउटमध्ये सरळ मिळतो, फोनेटिकची, म्हणजे इंग्रजी उच्चाराने मराठी टाइप करायची सवय असेल तर आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका. लॉगआउट करून परत या, नाहीतर दिसत नाही आणि माणूस पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. मी बसलो होतो.

मामाचं फक्त प्रिंटरचं जमलं नाही. जुना लेझर प्रिंटर आहे, ड्रायव्हरच्या मागे मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि नाद सोडला. आता तो पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घेतो आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो, दोन पानांच्या प्रिंटला पाऊण तास लागतो कारण तिथे त्याचे दोघं-तिघं मित्र असतात. मामी म्हणाली, प्रिंटर असाच राहू दे.