वेबसाइट उघडत नाही: बिघाड डोमेनच्या नावात की सर्व्हरमध्ये?

वेबसाइट बंद पडली की अनेकांचा हात आधी सर्व्हर रीस्टार्ट करण्याकडे जातो. त्यामुळे बिघाडाच्या क्षणीची स्थिती पुसली जाते आणि कारण हाती लागत नाही. म्हणून कशालाही हात लावण्यापूर्वी डोमेनच्या नावावरून योग्य आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक) मिळतो आहे का, एवढेच आधी तपासावे.

त्यासाठी लिनक्सवर 'डिग' आणि विंडोजवर 'एनएसलुकअप' ही आज्ञा डोमेनच्या नावासह चालवावी. उत्तरात 'एनएक्सडोमेन' आले, तर त्या नावाची नोंदच सापडत नाही असे समजून स्पेलिंग आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख पाहावी. 'सर्व्हफेल' आले, तर नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) उत्तर देत नसतील किंवा डीएनएससेकची, म्हणजे या नोंदी खऱ्या असल्याची खात्री देणाऱ्या सह्यांची, साखळी तुटलेली असेल. नेमसर्व्हर बदलल्यावर रजिस्ट्रारकडे (डोमेन जिथे नोंदवले ती कंपनी) त्या साखळीतली जुनी डीएस नोंद तशीच राहिली की हमखास असे होते. त्यानंतर तोच प्रश्न डोमेनच्या स्वतःच्या नेमसर्व्हरला आणि ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या सार्वजनिक रिझॉल्व्हरला (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) वेगवेगळा विचारावा. उत्तरे जुळत नसतील, तर बहुधा जुना पत्ता अजून कॅशेमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) आहे. टीटीएल, म्हणजे नोंद साठवून ठेवण्याची मुदत, ८६४०० सेकंद असेल, तर तो पूर्ण दिवसभर टिकू शकतो. वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवल्यानंतर टीटीएल कमी करून काही साधत नाही, कारण आधी साठवलेल्या प्रती जुन्याच मुदतीने चालतात. तो किमान एक दिवस आधी ३०० वर आणून ठेवावा लागतो.

एका वाचनालयाची वेबसाइट मी नव्या सर्व्हरवर हलवली, तेव्हा कार्यालयातील संगणकावर नवे पान दिसत होते आणि सभासदांच्या मोबाइलवर मात्र जुनेच. मी बराच वेळ कॅशेवर संशय घेत राहिलो. प्रत्यक्षात जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ पत्त्याची 'ए' नोंद बदलली होती, पण नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६ साठीची 'क्वाड ए' नोंद जुन्याच सर्व्हरचा पत्ता देत होती. कार्यालयाच्या जोडणीला आयपीव्ही६ नव्हते, मोबाइलला होते. तेव्हापासून मी दोन्ही नोंदी एकदमच तपासतो आणि प्रत्येकाने तसे करावे, असा माझा आग्रह आहे.

पत्ता बरोबर असेल, तर मग सर्व्हरकडे वळावे. पत्त्यावर विनंती पाठवून उत्तर दाखवणारी 'कर्ल' ही आज्ञा चालवल्यावर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले, तर बहुधा यंत्र जागे आहे, पण ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर (सुरक्षित वेबसाइटसाठीचे दार) कोणताही प्रोग्राम ऐकत नाही; नुसताच टाइमआउट झाला, तर फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारी यंत्रणा) माहितीची पाकिटे गिळत असेल किंवा यंत्रच बंद असेल. एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रामकडून ५०२ हा त्रुटी क्रमांक आला, तर एनजिनएक्स सुरू आहे आणि दोष त्याच्या मागच्या ॲप्लिकेशनमध्ये शोधावा; ५०४ म्हणजे ते ॲप्लिकेशन मुदतीत उत्तर देत नाही. दोन्ही वेळा एरर लॉगच्या (चुकांच्या नोंदवहीच्या) शेवटच्या ओळी वाचाव्यात. डिस्क भरली आहे का, हेही पाहावे, आणि जागा शिल्लक दिसली तरी आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या, मर्यादित संख्येच्या नोंदी) संपलेले नाहीत याची खात्री करावी.

वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राचा इशारा ब्राउझरमध्ये दिसत असेल, तर डिस्कवरच्या फाइलची तारीख पाहून समाधान मानू नये. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे ९० दिवसांचे प्रमाणपत्र आपोआप नूतन झालेले असते, पण एनजिनएक्स रीलोड न झाल्याने ते मेमरीतले जुनेच देत राहते. चालू पोर्टला 'ओपनएसएसएल'ने विचारून प्रत्यक्ष दिली जाणारी तारीख पाहावी, 'एनजिनएक्स उणे टी' (nginx -t) या आज्ञेने कॉन्फिगरेशन तपासावे आणि त्यात चूक नसेल तरच रीलोड करावे.