नवे वेब फ्रेमवर्क घ्यावे की नाही, हे कसे ठरवावे

हिंगणघाट, वणी, अकोट, मोर्शी अशा तालुक्यांच्या गावी राहून जिनिंग, बाजार समित्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्यासाठी वेब ॲप्लिकेशन बनवणाऱ्या दोन-तीन जणांच्या गटांना हा प्रश्न वारंवार पडतो. शहरातल्या मोठ्या कंपनीत निर्णय चुकला तर तो निस्तरायला दुसरी टीम असते. येथे मात्र ज्याने फ्रेमवर्क (म्हणजे ॲप ज्यावर उभारायचे तो तयार कोडचा सांगाडा) निवडले, त्यालाच ऐन हंगामात रात्री जिनिंगच्या मुनीमजींचा फोन घ्यावा लागतो. म्हणून फ्रेमवर्कची पारख पहिल्या आठवड्यातल्या वेगावरून न करता, तिसऱ्या वर्षी ते सांभाळणे किती सोपे जाईल यावरून करावी, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीला, सध्याच्या कामात नेमके काय अडते आहे ते एका कागदावर लिहून काढावे. पान उघडायला वेळ लागत असेल, तर तो कुठे जातो हे ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्कच्या टॅबमध्ये दिसते. डेटाबेसची क्वेरी (माहिती मागणारी विनंती) इंडेक्सअभावी, म्हणजे शोधसूची नसल्याने, रेंगाळत असेल किंवा मुखपृष्ठावर मोबाइलने काढलेले फोटो लहान न करता तसेच टाकलेले असतील, तर फ्रेमवर्क बदलून काहीही साधणार नाही. अडचण खरोखरच पडद्यावरील माहिती एकमेकींशी जुळवत ठेवण्याची असेल, म्हणजे एका ठिकाणी भाव बदलला की पाच ठिकाणचे आकडे हाताने बदलणारा कोड लिहावा लागत असेल, तरच पुढचा विचार करावा.

त्यानंतर नव्या फ्रेमवर्कमध्ये आपल्याच कामातला एक खरा पडदा बनवून पाहावा, कारण शिकवणीतले नमुन्याचे ॲप कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये सुबकच दिसते. कापूस खरेदीची काटापट्टी यासाठी उत्तम: भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ क्विंटल, भाव, कपात आणि शेतकऱ्याचे नाव. हा पडदा आपल्या लॅपटॉपवर नव्हे, तर काट्यावरच्या माणसाच्या हातात जो स्वस्त अँड्रॉइड फोन असतो, त्यावर आणि आवारात मिळते त्याच रेंजवर चालवावा. अर्धी पट्टी भरून फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकावा, जतन करण्याचे बटण दाबावे, मग रेंज परत आणावी. नोंद हरवली, की दोनदा गेली, की एकदाच नीट गेली, हे पाहावे. हे सांभाळण्यासाठी आपल्याला किती कोड स्वतः लिहावा लागला, यातून फ्रेमवर्कची उपयुक्तता कळते. पानावरील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, ही गूगलच्या कोअर वेब व्हायटल्सची (वेबपानाचा वेग आणि प्रतिसाद मोजणाऱ्या निकषांची) मर्यादा आहे. ती याच फोनवर तपासावी. वजनाच्या रकान्यात ‘१२’ असे देवनागरी अंक टाकूनही पाहावेत, कारण जावास्क्रिप्ट त्यांना आपोआप संख्या मानत नाही. हे रूपांतर फ्रेमवर्क करून देईल असे गृहीत धरू नये.

फ्रेमवर्कचे आयुष्य किती, हा पुढचा प्रश्न. अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क २०१० मध्ये आले. २०१६ मध्ये आलेले अँग्युलर २ त्याच्याशी सुसंगत नव्हते आणि जुन्याचा आधार (म्हणजे निर्मात्यांकडून दुरुस्त्या मिळणे) २०२१ च्या अखेरीस संपला. व्ह्यू या फ्रेमवर्कच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार ३१ डिसेंबर २०२३ रोजी थांबला. याउलट, जँगो या फ्रेमवर्कच्या दीर्घकालीन आधाराच्या आवृत्त्यांना साधारण तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात आणि ती मुदत आधीच जाहीर असते. आपला करार पाच वर्षांच्या देखभालीचा असेल, तर त्या काळात किमान एकदा मोठी आवृत्ती बदलावी लागणार, हे गृहीत धरूनच दर ठरवावा. परवानाही वाचावा: रिॲक्ट या पडदे बनवण्याच्या लायब्ररीच्या परवान्यातील पेटंटविषयक अटींवर बराच वाद झाला आणि अखेर २०१७ मध्ये ती एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली आली.

माणसांचा हिशेब मला याहून महत्त्वाचा वाटतो. आपल्या गटातला तरबेज मुलगा उद्या पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला जाईल, आणि त्याने जावेच. पण त्याच्या जागी यवतमाळ-अमरावतीच्या महाविद्यालयातून आलेली नवी मुलगी ते काम किती दिवसांत हाती घेऊ शकेल? उत्तर अंदाजाने देऊ नये. वर बनवलेला काटापट्टीचा पडदा अशाच एखाद्या नवशिक्या व्यक्तीकडे सोपवून त्यात एक रकाना वाढवायला सांगावे आणि ती कुठे अडखळते ते शेजारी बसून, मध्ये न बोलता पाहावे.

निर्णय होकाराचा झाला, तरी जुने ॲप एका झटक्यात मोडू नये. आधी केवळ पाहण्यापुरते पान, उदाहरणार्थ रोजची आवक आणि भाव, नव्यात न्यावे. पैशांच्या नोंदी सर्वांत शेवटी न्याव्यात आणि तोवर जुना मार्ग चालू ठेवावा. सोयाबीनची आवक सुरू झाल्यापासून कापसाचा जोर ओसरेपर्यंत बदल टाळून हे काम उन्हाळ्यात उरकावे. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचे काम असेल, तर आंबिया आणि मृग अशा दोन्ही बहरांची तोडणी लक्षात घेऊन मधला काळ निवडावा लागेल.

नकार दिला तर कारणासह तारीख घालून तो मराठीत लिहून ठेवावा, आणि काय बदलले तर पुन्हा विचार करू तेही नोंदवावे: सध्याच्या आवृत्तीची आधाराची मुदत जवळ येणे, ग्राहकाने रेंजशिवाय चालणारी नोंद मागणे, किंवा सध्याचा कोड सांभाळणारा एकच माणूस उरणे.