आधी दार मोजा, मग पत्रक छापा

भाडेवाढीविरुद्धच्या एका बैठकीला मी गेले होते. मी स्वतः भाडेकरू, म्हणजे प्रश्न माझाच होता. डोक्यावरची ट्यूबलाइट घूं घूं करत होती, तिघंजण एकदम बोलत होते आणि तेवढ्यात ‘सगळ्यांनी एकेका वाक्यात ओळख करून द्या’ अशी फेरी सुरू झाली. माझी पाळी जवळ आली तसे शब्दच पळून गेले. मी उठले आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी कळलं, ‘तिला रस दिसत नाही’ असं गटात ठरूनही गेलं होतं.

मी ऑटिस्टिक आहे. त्या प्रकारानंतर मी अपंगांनाही भाग घेता येईल अशा बैठका लावून द्यायच्या कामात पडले. भाडेकरूंच्या, हवामानबदलाच्या, मजुरीच्या बैठका. अपंगांच्या प्रश्नावरच्या क्वचित, आणि ते मुद्दाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात १.३ अब्ज लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांमागे एक. भाडं तेही भरतात, पुरात तेही अडकतात. तुमच्या बैठकीत ते दिसत नसतील तर ते कुठे अडले, हे शोधायचं काम तुमचं आहे.

(मी ‘अपंग’च म्हणते. ‘दिव्यांग’ म्हटल्याने पायऱ्या कमी होत नाहीत.)

आमंत्रण

‘जागा सर्वांसाठी सोयीची आहे’ हे वाक्य खोडा. त्याऐवजी लिहा: ‘पुढच्या दाराला दोन पायऱ्या, रॅम्प मागच्या बाजूला, दाराची रुंदी ८२ सेंटिमीटर, व्हीलचेअर आत वळेल असं स्वच्छतागृह तळमजल्यावर, खोलीत पंख्याचा आवाज होतो, बैठक ५ ते ६:३०, मधे १० मिनिटं सुट्टी, उशिरा आलात, लवकर गेलात तरी चालेल.’ जागा गैरसोयीची असेल तर तेही लिहा. निदान कुणी तासभर प्रवास करून दारातून परत जाणार नाही.

मोजायला स्वतः जा, टेप घेऊन. फोनवर विचारलं तर उत्तर येतं, ‘काही नाही हो, एकच पायरी आहे.’ बॅटरीवर चालणारी खुर्ची नुसतीच शंभर किलोच्या वर असू शकते. तिच्यापुढे एक पायरी म्हणजे भिंतच.

आणि एक प्रश्न छापा: ‘बैठकीत नीट भाग घेता यावा म्हणून तुम्हाला काय लागेल?’ आजार कोणता, निदान कधी झालं, सर्टिफिकेट आहे का, यातलं काही विचारू नका. उत्तर कुणाला कळवायचं आणि कधीपर्यंत, हे मात्र नक्की लिहा.

बैठक

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच गळतात.

विषयपत्रिका दोन दिवस आधी पाठवा, प्रत्येक विषयाला किती वेळ ते लिहून. तशीच पाळा. प्रश्न विचारलात की मनात सावकाश दहापर्यंत मोजा. पाचव्या अंकाला तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, आठव्याला कुणीतरी बोलेल, आणि आजवर कधी न बोललेलं माणूस बोलेल. चिठ्ठीवर किंवा मेसेजवर आलेलं मत मोठ्याने वाचून दाखवा. ते तोंडी मताइतकंच धरायचं. ओळखीच्या फेरीत ‘पुढे’ म्हणायची मुभा द्या. कुणी विणत बसेल, कुणी मागे येरझाऱ्या घालेल, कुणी तुमच्या डोळ्यांत बघणार नाही. ती माणसं ऐकतायत. मी तर न बघताच जास्त नीट ऐकते.

रंगीत बिल्ल्यांची पद्धत उचलण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या ऑटिस्टिक लोकांनी १९९६ साली ‘ऑट्रीट’ नावाचं स्वतःचं शिबिर सुरू केलं, तिथून ती पसरली. हिरवा: या, बोला. पिवळा: ओळख असेल तरच. लाल: आत्ता नको. पहिल्यांदा लाल लावला तेव्हा मला चहाच्या सुट्टीत वीस मिनिटं कुणीही छेडलं नाही, आणि उरलेल्या बैठकीत मी तीनदा बोलले.

टाळ्यांऐवजी बहिऱ्या लोकांसारखे दोन्ही हात वर करून हलवा. ज्यांना अचानक आवाज सोसत नाही त्यांनाही ते बरं पडतं.

माइकबद्दल भांडायला मी नेहमी तयार असते. ‘माझा आवाज मोठा आहे, मला नको’ असं म्हणणारा एक कार्यकर्ता हमखास भेटतो. श्रवणयंत्र थेट माइकच्या यंत्रणेला जोडलेलं असेल, किंवा बोललेलं पडद्यावर अक्षरांत (कॅप्शन) त्यावरून उमटत असेल, तर तुमचा पहाडी आवाज तिथे शून्य. माइक घ्या.

खुणांच्या भाषेचे दुभाषी जास्त वेळ चालणाऱ्या बैठकीला दोन लागतात. ते साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. त्यांचा खर्च पत्रकाच्या छपाईआधी धरा. ‘पैसे उरले तर बघू’ म्हटलं की कधीच उरत नाहीत.

गरजा एकमेकांच्या आड येतात, तेव्हा गोंधळू नका. मला मंद दिवा लागतो. दुभाष्याचे हात दिसायला प्रखर. आम्ही दुभाष्यापाशी उजेड ठेवला, मागचा कोपरा अंधारा केला आणि मी तिथे बसले. दर वेळी इतकं सोपं नसतं. कधी दोन वेगळ्या बैठका घ्याव्या लागतात. नियम पाठ करून इथे भागत नाही, त्या दोघांना समोर बसवून विचारावं लागतं.

मोर्चा

सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, वेग तोच ठरवेल. बसायच्या जागा आणि मधूनच बाहेर पडायच्या वाटा नकाशावर दाखवा. घरून करायची कामं (फोन, अनुवाद, प्रसिद्धी) ‘मदत’ म्हणून नको, मोर्च्याचाच भाग म्हणून नावानिशी वाटा.

मागण्या

रॅम्प लावला, बिल्ले वाटले, आणि मागणीच अपंगांच्या मुळावर आली तर काय उपयोग? प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर सरसकट बंदीची मागणी झाली तेव्हा वाकणाऱ्या स्ट्रॉशिवाय पाणी पिता न येणारी माणसं कुणाला आठवली नव्हती. कागदी स्ट्रॉ विरघळते, धातूची तोंडाला लागते. अपवाद ठेवा, एवढंच म्हणणं होतं. म्हणून प्रत्येक मागणीला तीन प्रश्न लावा: हे अमलात आल्यावर कोण घरात अडकेल? आपत्तीत हा इशारा बहिऱ्या माणसाला कसा कळेल? पोलिसांनी थांबवल्यावर जो बोलत नाही, नजर देत नाही, त्याचं काय होईल? उत्तर टेबलापाशी बसलेल्या अपंग माणसाकडून घ्या. त्याच्या वतीने अंदाज बांधू नका.

हे ओझं वाटत असेल तर एप्रिल १९७७ मधलं सॅन फ्रान्सिस्को बघा. अपंगांबाबतच्या भेदभावबंदीच्या कायद्याचे, म्हणजे कलम ५०४ चे, नियम अमेरिकेचं सरकार लागू करत नव्हतं, म्हणून शंभराहून जास्त अपंग आंदोलक सरकारी इमारतीत जवळपास २५ दिवस ठाण मांडून बसले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने त्यांना रोज गरम जेवण पोचवलं. फोन तोडले तेव्हा बहिऱ्या आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप दिले. नियमांवर सही झाली. पुढे २००५ मध्ये ‘सिन्स इनव्हॅलिड’ हा गट उभा करणाऱ्या पॅटी बर्न यांच्यासारख्या कृष्णवर्णीय आणि इतर वर्णांच्या, क्वीअर अपंग कार्यकर्त्यांनी ‘डिसअॅबिलिटी जस्टिस’ (अपंगांना न्याय) असं म्हणायला सुरुवात केली, ती याच अनुभवातून की नुसते हक्क कागदावर आले तरी गरीब, स्थलांतरित, तुरुंगातला अपंग माणूस बाहेरच राहतो.

बैठक संपल्यावर

इतिवृत्त सोप्या भाषेत, दोन दिवसांत. मग जे आले नाहीत किंवा मधूनच उठून गेले, त्यांना लेखी निरोप: ‘काय अडलं?’ फोन करू नका. उत्तर कधी कधी चार-पाच दिवसांनी येतं, तोवर दुसरा मेसेज टाकायचा नाही.