गुणोत्तर आणि टक्केवारीची शाब्दिक उदाहरणं कशी सोडवायची: आधी शंभर कोण ते शोधा

टक्केवारीचं उदाहरण समोर आलं की पेन चालवायच्या आधी एकच बघायचं, यात शंभर कोण आहे, म्हणजे टक्के नेमके कशाचे काढलेत. आणि गुणोत्तराचं असेल तर बघायचं की एवढ्या सगळ्या बदलांत न बदललेली गोष्ट कुठली. ही दोन उत्तरं सापडली की पुढची आकडेमोड शाळकरी पोरालाही जमेल अशी असते, आणि सापडली नाहीत तर वहीभर फॉर्म्युले पाठ असून काही होत नाही. जीआरई असो, जीमॅट असो की कुठलीही स्पर्धा परीक्षा, या टॉपिकवरचे बरेचसे सापळे या दोन जागीच असतात.

गुणोत्तरापासून सुरू करू. ५:३ दिलं म्हणजे आकडे दिलेले नाहीत, फक्त भाग दिलेत, एकीकडे ५ आणि दुसरीकडे ३. एक भाग म्हणजे किती हे कळेपर्यंत आपल्या हातात काहीच नाही, त्यामुळे सगळा जोर त्या एका भागावर लावायचा. समजा दोन गटांतल्या लोकांचं गुणोत्तर ५:३ आहे आणि पहिल्या गटात २४ लोक जास्त आहेत, एकूण किती? जास्तीचे भाग २, म्हणून २ भाग = २४, एक भाग = १२, एकूण ८ भाग म्हणजे ९६. इथे बरेच जण घाईत २४ ला थेट ८ ने भागतात कारण "गुणोत्तर दिसलं की बेरजेने भागायचं" अशी सवय लागलेली असते. दिलेला आकडा एकूण आहे, फरक आहे की एकाचाच वाटा आहे, हे शब्द वाचूनच ठरतं. मी तर सांगेन की प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी वाचा, काय विचारलंय त्याखाली रेघ मारा, मग वरून वाचायला घ्या.

तीन जणांचं गुणोत्तर दोन तुकड्यांत दिलं असेल, अ:ब = २:३ आणि ब:क = ४:५, तर मधला ब दोन्हीकडे सारखा करायचा. ३ आणि ४ चा लसावि १२, म्हणून पहिलं ८:१२ आणि दुसरं १२:१५, झालं ८:१२:१५. यात जास्त काही नाही.

खरी मजा गुणोत्तर बदलतं तिथे आहे. पिशवीत लाल आणि निळे मणी ३:५ आहेत, १२ लाल मणी टाकले आणि गुणोत्तर ३:४ झालं, तर निळे किती? इथे बरेच जण लगेच क्ष धरून समीकरण मांडतात, त्यानेही येतं, पण थांबून बघा, निळ्यांना कुणी हातच लावला नाही. मग निळे दोन्हीकडे सारखे करा: ३:५ म्हणजे १२:२०, आणि ३:४ म्हणजे १५:२०. लाल १२ वरून १५ भागांवर गेले, ३ भाग वाढले आणि ते १२ मण्यांचे, एक भाग ४ चा, निळे ८०. पडताळा पण लगेच घ्या, लाल आधी ४८, नंतर ६०, आणि ६०:८० म्हणजे ३:४, बरोबर.

वयाच्या उदाहरणात दोघांचंही वय बदलतं, मग तिथे स्थिर काय? दोघांतला फरक. आज वयं १:३ आणि १२ वर्षांनी १:२ होणार असतील तर पहिल्यात फरक २ भागांचा आहे आणि दुसऱ्यात १ भागाचा, पण खरा फरक तर तोच राहणार, म्हणून दुसरं गुणोत्तर दुप्पट करून २:४ लिहायचं. आता १ वरून २, ३ वरून ४, दोघंही एकेक भागाने वाढले, तो भाग १२ वर्षांचा, आजची वयं १२ आणि ३६. आणि नुसती आपापसांत देवाणघेवाण असेल, अ ने ब ला काही दिलं, तर बेरीज स्थिर असते. एक स्थिर, फरक स्थिर, बेरीज स्थिर, परीक्षेत येणारी बहुतेक उदाहरणं या तिघांपैकी कुठल्यातरी घरातली असतात.

आता टक्के. टक्के म्हणजे १०० भागांचं गुणोत्तरच, त्यामुळे वरची पद्धत जशीच्या तशी चालते. निवडणुकीत दोनच उमेदवार, सगळी मतं वैध, जिंकणाऱ्याला ५६ टक्के आणि तो २४० मतांनी जिंकला. हरलेल्याला ४४, फरक १२ टक्के = २४०, १ टक्का = २०, एकूण मतं २०००. किंवा ३० टक्के गुण मिळवणारा १२ गुणांनी नापास होतो आणि ४० टक्के मिळवणारा पास होऊन वर २८ गुण जास्त घेतो, तर दोघांतलं अंतर १२ + २८ = ४० गुण आणि तेच १० टक्के, म्हणून पेपर ४०० गुणांचा आणि पास व्हायला १३२, म्हणजे ३३ टक्के.

शंभर कोण हा प्रश्न सगळ्यात जास्त चावतो तो उलट्या उदाहरणात. किंमत १५ टक्क्यांनी कमी होऊन ३४० झाली, आधी किती होती? ३४० चे १५ टक्के काढून त्यात मिळवले तर ३९१ येतात आणि ते चूक आहे, आणि हो, पर्यायांत ३९१ हमखास बसवलेला असतो. सूट जुन्या किमतीवर होती, शंभर म्हणजे जुनी किंमत, ३४० हे तिचे ८५ टक्के, ५ टक्के म्हणजे २०, म्हणून जुनी किंमत ४००.

तसंच अ हा ब पेक्षा २५ टक्क्यांनी जास्त असेल तर ब हा अ पेक्षा किती टक्क्यांनी कमी? उत्तर २५ नाही, २० आहे, कारण पहिल्या वाक्यात शंभर ब आहे आणि दुसऱ्यात अ. २५ टक्के म्हणजे पाव, म्हणून अ:ब = ५:४, आणि आता १ भाग कमी आहे तो ५ मधून. म्हणूनच दर २५ टक्क्यांनी वाढला आणि खर्च तेवढाच ठेवायचा असेल तर वापर २० टक्क्यांनी कमी करावा लागतो. अपूर्णांक तोंडपाठ असले की हे तोंडी होतं: साडेबारा टक्के म्हणजे १/८, सदतीस पूर्णांक एक द्वितीयांश म्हणजे ३/८, १६ पूर्णांक २/३ म्हणजे १/६, १४ पूर्णांक २/७ म्हणजे १/७. एवढे पाठ कराच. जीमॅटच्या क्वांट सेक्शनला कॅल्क्युलेटर मिळत नाही, जीआरईला स्क्रीनवर मिळतो पण तिथेही एकेक आकडा दाबत बसण्यापेक्षा अपूर्णांक कितीतरी लवकर होतो.

लागोपाठचे टक्के कधीच बेरीज-वजाबाकी करून सोडवू नका. २० टक्के वाढ आणि मग २० टक्के घट म्हणजे जैसे थे नाही, कारण दुसऱ्या वेळी शंभर बदललेला असतो. १.२ × ०.८ = ०.९६, म्हणजे ४ टक्के घट. यासाठी फॉर्म्युला पण आहे, पण मला पटीत विचार करणं जास्त भरवशाचं वाटतं, तीन-चार बदल आले तरी नुसते गुणत जायचं.

शब्दांचे दोन सापळे इथेच सांगून टाकतो. "१५० टक्के" आणि "१५० टक्क्यांनी जास्त" हे वेगळं आहे, पहिलं दीडपट, दुसरं अडीचपट. आणि एखादं प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं तर वाढ १० पर्सेंटेज पॉइंटची, म्हणजे दोन टक्केवारींतला सरळ फरक, पण टक्क्यांत विचाराल तर २५ टक्के, कारण शंभर आता ४० आहे. तक्ते आणि आलेखांवरच्या प्रश्नांत हे फार येतं.

मिश्रणाला लोक विनाकारण घाबरतात. ४० लिटर द्रावणात ३० टक्के आम्ल आहे, ते २० टक्के करायला पाणी किती घालायचं? आम्ल १२ लिटर आहे आणि ते तेवढंच राहणार, फक्त आता ते नव्या एकूणचे २० टक्के व्हायला हवेत, म्हणून नवं एकूण ६०, पाणी २० लिटर. याच विचाराने ते प्रसिद्ध कोडंही सुटतं: १०० किलो वजनात ९९ टक्के पाणी, वाळून पाण्याचं प्रमाण ९८ टक्के राहिलं, आता वजन किती? पाण्याकडे बघत बसलात तर ९९ किलोच्या आसपास वाटतं. घन भाग बघा, तो १ किलो होता आणि १ किलोच आहे, आधी १ टक्का होता आता २ टक्के झाला, म्हणून वजन ५० किलो. मनाला पटत नाही, पण हिशेब करून बघा.

पर्याय दिलेले असतील तर त्यांचाही वापर करा. माणसांचं गुणोत्तर ५:३ असेल तर एकूण संख्या ८ ने भागली गेलीच पाहिजे, बाकीचे पर्याय न सोडवताच बाद. आणि डेटा सफिशियन्सीच्या प्रश्नात, म्हणजे दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे का एवढंच विचारतात तिथे, लक्षात ठेवा, नुसत्या गुणोत्तरातून किंवा नुसत्या टक्क्यांतून खरी संख्या सहसा निघत नाही, कुठेतरी एक तरी खरा आकडा लागतो. मात्र विचारलंच गुणोत्तर किंवा टक्के असतील तर आकड्याची गरज नाही, तिथे सरळ १०० धरून मोकळं व्हायचं.

प्रॅक्टिस करताना पहिले काही दिवस घड्याळ लावू नका, प्रत्येक उदाहरणाशेजारी फक्त दोन गोष्टी लिहा, शंभर कोण आणि स्थिर काय. चुकलेलं उदाहरण परत सोडवताना उत्तर बघायच्या आधी या दोनपैकी कुठली नोंद चुकली होती ते शोधा, आणि हे न लिहिता आपोआप दिसायला लागलं की मगच टायमर लावा.