तीन गुऱ्हाळांचा गूळ: अनोव्हा कधी लावायचा, क्रुस्कल-वॉलिस कधी

करवीर तालुक्यातल्या तीन गुऱ्हाळांवरून गुळाचे पाच-पाच नमुने आणले आणि प्रत्येकाचा ओलावा टक्क्यांत मोजला. आता ठरवायचंय ते एवढंच, की तिन्हींकडचा ओलावा सारखाच धरायचा की कुणाचा खरोखर वेगळा आहे? ओलावा जास्त असला की पावसाळ्यात रवा (गुळाची ढेप) पाझरतो, त्यामुळे प्रश्न नुसता प्रबंधापुरता नाही. खालचे आकडे हिशेब सोपा जावा म्हणून बेतलेले आहेत, कुठल्याही खऱ्या गुऱ्हाळाचे नाहीत. कागद-पेन घेऊन सोबत करत गेलात तर जास्त कळेल.

गुऱ्हाळ अ: ५.०, ५.२, ५.३, ५.४, ५.६ (सरासरी ५.३)
गुऱ्हाळ ब: ५.७, ५.९, ६.०, ६.१, ६.३ (सरासरी ६.०)
गुऱ्हाळ क: ५.३, ५.४, ५.५, ५.६, ५.७ (सरासरी ५.५)

पहिला मोह होतो तो अ-ब, ब-क, अ-क अशा तीन टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासऱ्या ताडून बघणारी चाचणी) लावण्याचा. प्रत्येक टेस्टमध्ये उगाच फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के ठेवली, तर तिन्ही मिळून ती ढोबळ हिशेबाने १४ टक्क्यांवर जाते. सहा गट असतील तर जोड्या १५ होतात आणि ही शक्यता निम्म्याच्या पुढे जाते. म्हणून आधी सगळ्या गटांची मिळून एकच चाचणी करायची: मोजलेल्या आकड्यांवर चालणारी अनोव्हा, किंवा आकड्यांच्या क्रमांकांवर चालणारी क्रुस्कल-वॉलिस.

त्याही आधी नमुने कसे घेतलेत ते बघा, कारण इथली चूक पुढे कुठल्याच चाचणीने भरून निघत नाही. एका आदणातल्या (एका वेळी काहिलीत शिजवलेल्या गुळातल्या) एकाच रव्याचे पाच तुकडे फोडून आणले असतील, तर ते पाच नमुने नव्हेत. तो एकच नमुना पाच वेळा मोजलेला आहे. एका काहिलीतला गूळ एकाच वेळी उतरतो, त्यामुळे त्याच्या तुकड्यांत फरक असणार तरी किती? असे तुकडे वेगळे मोजले की गटाच्या आतला फरक खोटा लहान दिसतो आणि निकाल फुगतो. पाच वेगवेगळी आदणं, शक्यतो वेगवेगळ्या दिवसांची, प्रत्येकातून एक नमुना: असं हवं.

अनोव्हाचा हिशेब

रोनाल्ड फिशर यांनी ही पद्धत १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथमस्टेडच्या शेती प्रयोगांवर काम करताना घडवली. कल्पना सरळ आहे: गटागटांतला फरक हा गटाच्या आतल्या फरकाच्या किती पट आहे ते बघायचं.

सगळ्या १५ आकड्यांची सरासरी ५.६. प्रत्येक गटाची सरासरी यापासून किती दूर आहे? अ ०.३ ने खाली, ब ०.४ ने वर, क ०.१ ने खाली. यांचे वर्ग ०.०९, ०.१६ आणि ०.०१, बेरीज ०.२६. प्रत्येक गटात पाच नमुने, म्हणून पाचाने गुणा: १.३०. ही गटांमधली वर्गबेरीज. डिग्री ऑफ फ्रीडम (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) गटांपेक्षा एकाने कमी, म्हणजे २. भागाकार ०.६५.

आता गटाच्या आत. प्रत्येक आकडा आपल्याच गटाच्या सरासरीपासून किती दूर, त्याचे वर्ग करून बेरीज घ्या: अ ०.२०, ब ०.२०, क ०.१०. एकूण ०.५०. इथली डिग्री ऑफ फ्रीडम १५ वजा ३, म्हणजे १२. भागाकार ०.०४१७.

एफ म्हणजे ०.६५ भागिले ०.०४१७, म्हणजे १५.६. कोष्टकात २ आणि १२ साठी ५ टक्क्यांची मर्यादा ३.८९ आहे. आपण बरेच पुढे आहोत, पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना योगायोगाने इतका किंवा याहून मोठा एफ मिळण्याची शक्यता, ०.०००५ च्या आसपास येते.

एफ फक्त सांगतो की कुठेतरी फरक आहे. कुणात, ते सांगत नाही. त्यासाठी गटांच्या जोड्या ताडून बघणारी टुकीची चाचणी. तीन गट आणि १२ साठी कोष्टकातला आकडा ३.७७. त्याला ०.०४१७ भागिले ५ याच्या वर्गमुळाने, म्हणजे ०.०९१ ने गुणलं की ०.३४ येतात. ज्या दोन सरासऱ्यांत ०.३४ पेक्षा जास्त अंतर ते गट वेगळे. ब-अ मध्ये ०.७, ब-क मध्ये ०.५: दोन्ही वेगळे. क-अ मध्ये फक्त ०.२, म्हणजे तिथे फरक सिद्ध होत नाही. सारखे आहेत असं मात्र लिहू नका. सिद्ध न होणं आणि सारखं असणं या दोन गोष्टी आहेत.

एक आकडा घसरला की

ब मधला शेवटचा ६.३ टाइप करताना ९.३ झाला असं धरा. ब ची सरासरी ६.० वरून ६.६ वर गेली, म्हणजे बाकीच्यांपासून आणखी लांब. साध्या बुद्धीला वाटेल की फरक आता जास्तच ठळक दिसणार. हिशेब करून बघा. एकूण सरासरी ५.८, गटांमधली वर्गबेरीज १.३० वरून ४.९० वर जाते. पण गटाच्या आतली वर्गबेरीज ०.५० वरून थेट ९.५० होते, कारण त्या एका आकड्याचं अंतर २.७ आणि त्याचा वर्ग ७.२९. एफ होतो २.४५ भागिले ०.७९२, म्हणजे ३.०९. मर्यादा ३.८९. निकाल गेला. सरासरी लांब गेली तरी फरक बुडाला, कारण दूरच्या आकड्याचा वर्ग भाजकात बसतो.

आता तेच क्रमांकांवर करू. क्रुस्कल आणि वॉलिस यांची ही चाचणी १९५२ ची. गट विसरून पंधराही आकडे चढत्या क्रमाने लावा आणि १ ते १५ क्रमांक द्या. आकडे सारखे असतील तिथे क्रमांक वाटून घ्यायचे: ५.३ दोनदा आहे, तिसऱ्या आणि चौथ्या जागेवर, म्हणून दोघांना ३.५. तसंच ५.४ ला ५.५, ५.६ ला ८.५ आणि ५.७ ला १०.५. बेरजा येतात अ २०.५, ब ६४.५, क ३५. तिन्ही मिळून १२० आलेच पाहिजेत, कारण १५ गुणिले १६ भागिले २ म्हणजे १२०. इथे जुळलं नाही तर पुढे जाऊ नका. चूक बहुतेक सारख्या आकड्यांच्या वाटणीत असते.

प्रत्येक बेरजेचा वर्ग करा, पाचाने भागा, मिळवा: ११६१.१. याला १२ भागिले २४० ने गुणा: ५८.०५५. त्यातून ३ गुणिले १६, म्हणजे ४८ वजा करा. या चाचणीचा आकडा एच आला १०.०६, सारख्या आकड्यांची दुरुस्ती केली की १०.१३. काय-स्क्वेअरची मर्यादा २ डिग्रीला ५.९९, म्हणजे फरक आहे. आणि ६.३ च्या जागी ९.३ असता तरी? त्याचा क्रमांक पंधरावाच. एच तोच, निकाल तोच.

मग नेहमी क्रमांकच का वापरू नयेत? कारण त्यांची किंमत मोजावी लागते. मूळ, चूक नसलेल्या आकड्यांवर डनची चाचणी (क्रमांकांवरून जोड्या ताडून बघणारी) तीन जोड्यांच्या बोनफेरोनी दुरुस्तीसह, म्हणजे ५ टक्के तीन जोड्यांत वाटून, लावली, तर तिच्या आकड्याची, झेडची, मर्यादा २.३९ आहे. ब-अ ला ३.१२ मिळतात, पास. ब-क ला २.०९, नापास. टुकीने धरलेला ब-क चा फरक इथे निसटला. आकड्यांचं वितरण खरोखर घंटेसारखं असेल तर मोठ्या नमुन्यांत क्रमांकांची कार्यक्षमता साधारण ९५ टक्के राहते, म्हणजे तोटा थोडाच. पाच-पाच नमुन्यांत मात्र तो असा जाणवतो.

निवड कशी करायची

९.३ सारखा आकडा दिसला तर चाचणी बदलण्याआधी वही उघडा. टायपिंगची चूक असेल तर दुरुस्त करा. ती क्रमांकांखाली झाकणं बरोबर नाही. पण त्या दिवशी गुळव्यानं पाक खरंच लवकर उतरवला असेल, तर आकडा खरा आहे, तो ठेवा आणि क्रमांकांची चाचणी लावा.

अनोव्हाची नॉर्मल (घंटेसारख्या) वितरणाची अट मूळ आकड्यांना नाही, गटाची सरासरी वजा करून उरलेल्या अवशेषांना आहे. पंधराही आकड्यांवर एकत्र शापिरो-विल्क (वितरण नॉर्मल आहे का ते बघणारी चाचणी) चालवणं ही प्रबंधांमधली नेहमीची चूक. गट खरंच वेगळे असतील तर एकत्र आकड्यांना दोन कुबडं येणारच. गटांमधलं सर्वात मोठं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) सर्वात लहानाच्या दुपटीहून जास्त असेल तर साध्या अनोव्हाऐवजी वेल्चचा, म्हणजे गटांचा पसारा सारखा न धरणारा, वापरा. तिथे क्रुस्कल-वॉलिसकडे धावून फायदा नाही. गटांचा पसारा वेगवेगळा असेल तर एचचा अर्थही डळमळतो, आणि ‘मध्यक (क्रमाने मधले आकडे) वेगळे आहेत’ असं म्हणता येत नाही.

रंग, चव यांना १ ते ५ गुण दिले असतील तर सरळ क्रमांकांची चाचणी. पण तेच आठ जण तिन्ही गूळ चाखत असतील तर क्रुस्कल-वॉलिस चुकीचीच, कारण गट स्वतंत्र नाहीत. तिथे फ्रीडमनची चाचणी: प्रत्येक चाखणाऱ्याच्या आपल्याच तीन गुणांना १, २, ३ क्रमांक द्यायचे. एखादा हात आखडून गुण देतो, दुसरा सढळ. दोघंही आपापल्या ओळीत राहतात.

दोन्ही चाचण्या चालवून ज्याची पी-व्हॅल्यू लहान ती छापायची, हे करू नका. कुठली लावणार, आणि ९.३ सारखा दूरचा पण खरा आकडा आला तर काय करणार, ते आकडे हातात येण्याआधी लिहून ठेवा.

संगणकावर

एक्सेलमध्ये ‘डेटा अ‍ॅनालिसिस’ दिसत नसेल तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘अ‍ॅड-इन्स’मधून टूलपॅक चालू करा. त्यात अनोव्हा आहे, टुकी आणि क्रुस्कल-वॉलिस नाहीत. क्रमांक देताना साधं रँक फंक्शन सारख्या आकड्यांची सरासरी काढत नाही. ‘रँक डॉट एव्हीजी’ घ्या आणि तिसऱ्या जागी १ लिहा, नाहीतर क्रमांक उतरते येतात.

‘आर’ (संख्याशास्त्राची संगणक प्रणाली) वापरत असाल तर गटांना १, २, ३ अशी नावं देऊन तसंच सोडू नका. तो ते मोजमाप समजून रेषा बसवतो. ओळखायची खूण सोपी: तीन गट असून निकालात गटांची डिग्री ऑफ फ्रीडम २ ऐवजी १ दिसते. कॉलम फॅक्टरमध्ये (आकडा नव्हे, गटाचं नाव अशा प्रकारात) बदला आणि परत चालवा.