लाडक्या सुपरहिरो सिनेमाचा पुढचा भाग त्याच दिग्दर्शकाने काढावा का, हे कसं ठरवायचं

आपल्या आवडत्या सिनेमाचा दुसरा भाग येतोय असं कळलं की आधी उडी मारावीशी वाटते आणि दोन मिनिटांत पोटात गोळा येतो, कारण तो काढणारा माणूस आता पूर्वीचा राहिलेला नसतो. माझ्या बाबतीत तो सिनेमा म्हणजे २००० सालचा 'अनब्रेकेबल' आणि तो माणूस एम. नाईट श्यामलन, आपल्या पुदुचेरीच्या माहेत जन्मलेला आणि फिलाडेल्फियाजवळ वाढलेला. कितीतरी वर्षं मी मित्रांशी यावरून भांडलोय, कधी "काढू दे रे त्याला" या बाजूने आणि कधी "हात लावू नको म्हणावं" या बाजूने, आणि भांडता भांडता एक पद्धत तयार झाली ती इथे लिहितोय. कुठल्याही सिनेमाला लावा, पण उदाहरण मी हेच घेणार कारण इथे पुढचा भाग ('ग्लास') शेवटी खरंच आला, त्यामुळे आपला अंदाज बरोबर होता का तेही तपासता येतं. पुढे सगळे शेवट फुटणार आहेत, तेव्हा बघितले नसतील तर आधी बघून या.

आधी परत बघा, आणि न बघितलेल्या माणसाला शेजारी बसवून बघा

आठवणीतला सिनेमा आणि खरा सिनेमा यात फार फरक असतो, आठवणीतला आपण मनात वीसदा एडिट केलेला असतो. म्हणून एकट्याने बघू नका. मी आठवीतल्या भाच्याला बसवलं. त्याच्या हातात मोबाईल होताच, मी काही बोललो नाही, फक्त तो मोबाईल खाली कधी ठेवतो ते बघत होतो.

सुरुवातीला ट्रेनमध्ये ब्रूस विलिस म्हणजे डेव्हिड डन बसलेला असतो, शेजारी एक बाई येऊन बसते आणि हा हळूच लग्नाची अंगठी काढून ठेवतो, आणि हे सगळं पुढच्या दोन सीटच्या फटीतून, मागे वळून बघणाऱ्या एका लहान मुलीच्या नजरेतून दिसतं, कॅमेरा नुसता डावीकडे उजवीकडे सरकत राहतो. भाचा मोबाईलमध्येच. मग अपघात होतो, बाकी सगळे जातात आणि याच्या अंगावर ओरखडा नाही, तेव्हा एकदा वर बघितलं. एलायजा येतो, सॅम्युअल जॅक्सन, ज्याची हाडं जन्मापासून काचेसारखी तुटतात आणि जो कॉमिक्समधल्या चित्रांची गॅलरी चालवतो, तेव्हाही तेच.

मोबाईल खाली गेला तळघरातल्या सीनला. डेव्हिड बेंचवर झोपून वजन उचलतोय, पोराला, जोसेफला सांगतो थोडं कमी कर, आणि तो कमी करायच्या ऐवजी वाढवतो. बाप उचलतो. मग आणखी, मग आणखी, घरातली वजनं संपतात म्हणून ते दोघं बारला रंगाचे डबे लटकवतात, शेवटी ३५० पाउंड होतात म्हणजे जवळपास १५९ किलो. पार्श्वसंगीत दणदणत नाही, कोणी उडत नाही, गंजक्या तळघरात एक दमलेला बाप आणि त्याच्याकडे डोळे फाडून बघणारं पोर. भाचा पुढे सरकून बसला आणि शेवटपर्यंत मागे टेकला नाही.

मग वहीत लिहा, नेमकं काय आवडलं

"मस्त सिनेमा आहे" हे उत्तर चालणार नाही. सीन लिहा. माझ्या यादीत तळघर आहे, स्वयंपाकघरातला पिस्तुलाचा सीन आहे जिथे बापाला काही होणारच नाही हे सिद्ध करायला पोरगं त्याच्यावर पिस्तूल रोखतं आणि आईबाप त्याला समजावताना थरथरतात, आणि सगळ्यात वर नाश्त्याच्या टेबलावरचा पेपर. रात्री डेव्हिडने रेनकोटात जाऊन दोन पोरांना वाचवलेलं असतं, सकाळी पेपरात टोपीवाल्या माणसाचं चित्र आलेलं असतं, आणि तो काही न बोलता पेपर जोसेफकडे सरकवतो. आई तिकडे ओट्याशी पाठमोरी. पोराचे डोळे भरतात, बाप मान हलवतो आणि ओठांवर बोट ठेवतो. बस.

आता ही यादी बघितली तर तुमच्या लक्षात येईल की यात मारामारी जवळजवळ नाहीच, सगळं घरातलं आहे, मोडायला आलेल्या लग्नातलं आणि बापलेकातलं. सुपरहिरो हे निमित्त आहे. पुढच्या भागात ताकदवान माणसं परत आली पण हे घर परत आलं नाही तर ज्याच्यावर तुमचं प्रेम आहे ते आलेलंच नाही. मला विचाराल तर पूर्ण पद्धतीतली हीच पायरी खरी आहे, बाकीच्या तिला धरून.

गोष्टीची काही उधारी बाकी आहे का?

"पुढे काय झालं असेल" असं वाटणं वेगळं आणि "तसलंच अजून एकदा पाहिजे" वाटणं वेगळं. दुसऱ्यासाठी जुनाच सिनेमा परत लावावा, त्याला पुढचा भाग लागत नाही.

अनब्रेकेबलची उधारी मात्र भक्कम होती. श्यामलनच्या डोक्यात मुळात पूर्ण सुपरहिरोची गोष्ट होती, तीन अंकांची, त्यातला पहिला अंक त्याला इतका आवडला की त्याने त्याचाच सिनेमा केला. मनात अनेक माणसं असलेलं एक पात्र सुरुवातीच्या मसुद्यात होतं ते त्याने काढून बाजूला ठेवलं. आणि शेवट आठवा, ट्रेनचा तो आणि आधीचेही अपघात एलायजानेच घडवले हे कळतं आणि लगेच पडद्यावर दोन ओळी, डेव्हिडने पोलिसांना सांगितलं, एलायजा मनोरुग्णांच्या तुरुंगवजा संस्थेत आहे, संपलं. मला त्या ओळी कायम घाईच्या वाटल्या. बायकोला कधी कळलं का? पोराने ते गुपित पोटात ठेवून शाळेतली वर्षं कशी काढली? हे प्रश्न सिनेमानेच उभे केलेत.

एक गोष्ट इथेच सांगतो. तेव्हा कॉमिक्सवरचे सिनेमे म्हणजे मोजक्या लोकांचा शौक असं स्टुडिओला वाटायचं, 'एक्स-मेन' नुकताच काही महिन्यांपूर्वी आलेला, म्हणून याची जाहिरात आदल्या वर्षीच्या 'द सिक्स्थ सेन्स'सारखा थ्रिलर म्हणून केली. भुतासारखं काहीतरी बघायला गेलेली माणसं गोंधळून बाहेर आली. प्रेम नंतर, घरी बघून बघून जमलं. म्हणजे पहिल्या आठवड्यातली कुरकुर धरून "लोकांना नकोच होता" असं म्हणू नका.

दिग्दर्शकाची घसरण मोजताना पैशाकडे बघू नका, कुठे पाय घसरला ते बघा

इथे बहुतेक जण चुकतात. "त्याचे शेवटचे चार आपटले, आता नको" हे उत्तर सोपं आहे पण अर्धवट आहे. एका कागदावर त्याचे सिनेमे वर्षासकट मांडा आणि प्रत्येकापुढे लिहा, गोष्ट कोणाची, बजेट किती, आणि "नाही" म्हणणारं कोणी होतं का.

श्यामलनचा कागद असा होतो. 'साइन्स' २००२, 'द व्हिलेज' २००४, दोन्ही स्वतःच्या गोष्टी आणि दोन्ही चालले, पण व्हिलेजपासून शेवटच्या धक्क्यासाठी सगळा सिनेमा ओढत नेल्यासारखं वाटायला लागतं. २००६ चा 'लेडी इन द वॉटर', याच्या संहितेवरून त्याचं डिस्नेशी फाटलं आणि तो दुसऱ्या स्टुडिओकडे गेला, सुमारे ७ कोटी डॉलर घातले आणि जगभरातून जेमतेम तेवढेच आले. त्यात त्याने स्वतःच अशा लेखकाची भूमिका केली ज्याचं लिखाण पुढे जग बदलणार आहे, आणि एक सिनेसमीक्षक प्राण्याच्या तोंडी दिला. हा माणूस तेव्हा कोणाचं ऐकत नव्हता, हे मला यातून दिसतं आणि वाईट वाटतं कारण याच हाताने तो पेपर सरकवण्याचा सीन लिहिला होता. मग २००८ चा 'द हॅपनिंग'. मग २०१० चा 'द लास्ट एअरबेंडर', दुसऱ्यांची लाडकी ॲनिमेशन मालिका, १५ कोटी डॉलर, कमाई दुपटीहून जास्त झाली तरी बघणाऱ्यांनी डोक्याला हात लावला आणि वर्षातल्या सगळ्यात वाईट सिनेमाचा रॅझी, म्हणजे टर उडवायला देतात तो पुरस्कार, मिळाला. २०१३ चा 'आफ्टर अर्थ', गोष्ट विल स्मिथची, नट विल स्मिथ आणि त्याचा मुलगा.

आता नुसतं बघा. जिथे पैसा अवाढव्य आणि गोष्ट दुसऱ्याची तिथे तो हरवला, आणि जिथे गोष्ट स्वतःची पण टोकणारं कोणी नव्हतं तिथे तो फुगला. कौशल्य संपलेलं नव्हतं. याचा पुरावा २०१५ ला आला. त्याने स्वतःचं घर गहाण टाकून साधारण ५० लाख डॉलरमध्ये 'द व्हिजिट' काढला, आजीआजोबांकडे गेलेली दोन भावंडं, एक घर, थोडी माणसं, आणि त्याने जवळपास १० कोटी कमावले. पाठोपाठ ९० लाखांत 'स्प्लिट', त्याची कमाई २७ कोटींच्या वर. आणि स्प्लिटच्या अगदी शेवटी त्या छोट्या हॉटेलात जेम्स न्यूटन हॉवर्डचं जुनं संगीत हळूच सुरू होतं आणि काउंटरवर डेव्हिड डन बसलेला दिसतो, सोळा वर्षांनी, आणि ते बाजूला ठेवलेलं पात्र हेच, जेम्स मॅकॅव्हॉयचं, हे कळतं. मी थिएटरात उभा राहिलो होतो.

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात, पण आधी आड आटलाय की नुसता दोर तोकडा पडतोय ते तपासा. वयावरही जाऊ नका. दिग्दर्शक जॉर्ज मिलर स्वतःच्या मॅड मॅक्स सिनेमांच्या जगात तीस वर्षांनी परतला तेव्हा सत्तरीचा होता आणि २०१५ मध्ये त्याने भल्याभल्यांना दमवलं. आणि उलट, सॅम रेमीच्या तिसऱ्या स्पायडरमॅनमध्ये २००७ ला जो गचका झाला त्यात व्हेनम या खलनायकाचं पात्र निर्मात्यांच्या आग्रहाने घुसवलेलं होतं, तो सगळा दोष रेमीच्या उताराचा म्हणता येणार नाही.

चाव्या कोणाकडे आहेत ते बघा

हे कंटाळवाणं आहे पण एकदा बघाच. अनब्रेकेबल डिस्नेचा, स्प्लिट युनिव्हर्सलचा. दोन्हीकडची पात्रं एकत्र आणणाऱ्या 'ग्लास'साठी दोघांनी जमवून घेतलं, अमेरिकेत युनिव्हर्सलने आणि बाहेर डिस्नेने लावायचं ठरलं, आणि श्यामलनने पुन्हा स्वतःचा पैसा घातला, बजेट २ कोटी डॉलर. पहिल्या भागाचं साडेसात कोटी होतं. मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं, कारण वरच्या कागदाप्रमाणे हा माणूस कमी पैशात आणि स्वतःच्या जिवावर असताना बरा असतो.

आता हो-नाही म्हणू नका, अटी लिहा

माझं उत्तर होतं हो, काढावा, तीन अटींवर. पैसा कमी हवा. ते घर परत हवं, बायको आणि पोरासकट. आणि "ही ताकद खरी की मनाचे खेळ" हा प्रश्न परत उगाळायचा नाही, कारण तो तळघरात रंगाच्या डब्यांसकट सुटलेला आहे. तुमच्या अटी सिनेमा यायच्या आधीच लिहा, तारखेसकट, नंतर लिहिलेल्या अटी आपोआप निकालाला जुळतात.

'ग्लास' जानेवारी २०१९ मध्ये आला. पहिली अट पाळली गेली. तिसरी साफ मोडली, डेव्हिड, एलायजा आणि स्प्लिटमधला तो, तिघांनाही एका मानसोपचार संस्थेत कोंडून एक डॉक्टरीणबाई सिनेमाचा मोठा भाग तुम्हाला भ्रम झालाय हेच समजावत बसतात, आणि आपल्याला तर उत्तर माहितीये, मग आपण घड्याळ बघतो. दुसरी अर्धी. जोसेफ आहे, तोच नट, स्पेन्सर ट्रीट क्लार्क, मोठा झालेला, आणि बापाला कानातल्या यंत्रावरून वाट दाखवतो तेव्हाचे पहिले काही सीन इतके ओळखीचे आणि ऊबदार आहेत की वाटतं झालं, फेडली उधारी. मग बापलेक वेगळे होतात आणि शेवटी संस्थेच्या आवारातल्या एका खड्ड्यात, पाण्याच्या डबक्यात तोंड दाबून डेव्हिडला मारतात. पाणी ही त्याची कमजोरी हे पहिल्या भागातच होतं, पण तिथे त्याने सोडवलेल्या पोरांनी त्याला पोहण्याच्या तलावातून काठी धरून बाहेर ओढलं होतं. इथे कोणी धावलं नाही. मला अजून त्रास होतो त्याचा.

कमाई बघाल तर अनब्रेकेबल सुमारे २४.८ कोटी डॉलर, ग्लास सुमारे २४.७. आकडे सारखे आहेत, म्हणूनच आकड्यांवर जाऊ नका म्हणतो.

तरीही मी "काढायलाच नको होता" असं म्हणत नाही. ब्रूस विलिस आजारपणामुळे २०२२ मध्ये कामातून बाजूला झाला, आता डेव्हिड डन परत येणं नाही, आणि ते जोसेफबरोबरचे सुरुवातीचे सीन माझ्या यादीत मी नंतर पेनाने जोडलेत.

बघायचा क्रम

लागोपाठ एका रात्रीत बघू नका. अनब्रेकेबलनंतर निदान एक आठवडा जाऊ दे, मग स्प्लिट, आणि ग्लास बघताना ती वही शेजारी ठेवा. प्रत्येक अटीपुढे तिथल्या तिथे खूण करा, बाहेर आल्यावर लोकांचं ऐकून नाही.

भाच्याला मी असंच तीन रविवारी तीन सिनेमे दाखवले. ग्लासच्या पहिल्या अर्ध्या तासात त्याने पॉज करायला लावला आणि विचारलं, मामा, त्याची आई कुठंय? मी सांगितलं, ती कॅन्सरने गेली असं मघाशी बोलण्यात येऊन गेलं बघ. तो म्हणाला, मागे घे, मला ऐकूच आलं नाही.